प्रसंग नको, सांगणं दाखवा : लैंगिक अत्याचारावर नाटक बसवताना

संक्रांतीचं हळदीकुंकू. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका घराचा हॉल, सोफे गच्चीवर नेऊन ठेवलेले, सतरंजीवर तीसेक बायका. आमचं नाटुकलं बारा मिनिटांचं. आई पोळ्या लाटतेय. नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून म्हणते, ‘‘मला सुट्टीत मामाकडे नाही जायचं.’’ आई लाटणं न थांबवता म्हणते, ‘‘नखरे पुरे. मामा किती करतो तुझं!’’ इथे आम्ही थांबतो आणि सूत्रधार विचारते, ‘‘या आईच्या जागी कुणाला यावंसं वाटतंय?’’

त्या दिवशी तिघी आल्या. पहिलीने प्रश्नांची सरबत्ती लावली : काय झालं, कुणी केलं, कधी केलं, आधी का नाही बोललीस. दुसरीने मुलीला एकदम जवळ ओढलं, तशी मुलीचं काम करणारी आमची नटी नकळत आखडली. तिसऱ्या साठीच्या काकू. त्यांनी आधी गॅस बंद केला. गॅस खोटा, बटण खोटं, पण त्यांनी ते नीट वळवलं, पदराला हात पुसले, खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बरं. नाही जायचं ना, नको जाऊस. का ते सांगावंसं वाटलं की सांग. मी इथेच आहे.’’

तोवर कुणालाच गॅस आठवला नव्हता. नाटक लिहिणाऱ्या मलासुद्धा नाही. त्या गॅसच्या बटणापर्यंत पोचायचं कसं, त्याचा हा लेख. शाळेत, गणपतीच्या मांडवात, महिला मंडळात असं काही बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी.

आधी ठरवा : शिकवायचंय की सावरायचंय

ही दोन वेगळी कामं आहेत आणि सगळ्यात मोठा घोळ ती एकत्र केल्याने होतो. पहिल्यात प्रेक्षक असतात, गोष्ट काल्पनिक असते आणि उद्देश हा, की घरातल्या मोठ्यांना ऐकायला यावं आणि मुलांना कुणाला सांगायचं ते कळावं. दुसऱ्यात अत्याचार सोसलेली माणसंच खेळतात, प्रेक्षक नसतात आणि जोडीला प्रशिक्षित समुपदेशक लागतो, म्हणजे लागतोच.

‘आमच्या ग्रुपमधल्या एकीने स्वतःचीच गोष्ट स्टेजवर सांगितली, सगळे रडले’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात. मी विचारते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन कुणी केला? बहुतेक वेळा कुणीच केलेला नसतो. टाळ्या मिळाल्या म्हणजे माणूस सावरला असं नाही. ओली जखम उजेडात धरली की ती आणखी दुखते आणि इंदूरसारख्या शहरात, जिथे रामबागेतली बातमी चहा गार व्हायच्या आत तिलक नगरात पोचते, तिथे ती झाकायला परत जागा उरत नाही.

पहिल्या कामासाठी हाताशी चांगली पद्धत आहे ती फोरम थिएटरची. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात ती घडवली. नाटक अडचणीच्या जागी थांबतं, प्रेक्षकातलं कुणी उठून पात्राची जागा घेतं आणि वेगळं काही करून बघतं. आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ हा गट 1985पासून गावोगाव काम करतोय, आणि पुढे त्यानेही हीच पद्धत घेतली. बोआल यांच्या प्रयोगात मध्यस्थाला जोकर म्हणतात. आपल्याला नवा शब्द शोधायची गरज नाही, सूत्रधार आहेच.

तालमीआधीची कामं, ज्यात नाटक नाही

कायदा वाचा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012पासून लागू आहे. तो अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी आहे, मुलगा असो वा मुलगी. आपल्यासाठी महत्त्वाचं ते कलम 19 : मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. नाही कळवलं तर कलम 21प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सद्‍हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. म्हणजे प्रयोगानंतर एखादं मूल तुम्हाला काही सांगेल, त्या क्षणी तुम्ही नट राहत नाही. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी तालमीआधीच सांगावं. त्यात कमीपणा नाही.

मग माणसं शोधा, नुसते नंबर नव्हे. मुलांसाठी 1098, तातडीचा 112, महिलांसाठी 181, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हे पाठ असावेत. पण त्याशिवाय जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीत, वन स्टॉप सेंटरमध्ये (अत्याचार झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) आणि ज्या भागात प्रयोग आहे तिथल्या ठाण्याच्या महिला डेस्कवर एकदा स्वतः जाऊन या. आधी ओळख असली की संध्याकाळी सात वाजता फोन केल्यावर पलीकडून ‘कौन?’ ऐवजी ‘हां, बोलिए’ येतं. निदान एक समुपदेशक प्रत्येक प्रयोगाला हजर हवा. मिळत नसेल तर प्रयोग पुढे ढकला. मी दोनदा ढकललाय, एकदा तर पत्रिका वाटून झाल्यावर. आयोजक चिडले, चिडू देत.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. नाटकाच्या ग्रुपमध्येही हे होतं. उशिरापर्यंत तालमी, ‘सर’ म्हणतील ती पूर्व, अंगचटीला येणारे खेळ. म्हणून पहिल्या दिवशीच नियम भिंतीवर लावा : कुणाला हात लावण्याआधी विचारायचं, ‘नको’चं कारण द्यायचं नाही, मुलांबरोबर कुणीही मोठा माणूस एकटा थांबणार नाही, तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं, त्यातली एक ग्रुपबाहेरची. सुरुवातीच्या एका तालमीत आमच्याच एका ज्येष्ठाने हे वाचून ‘अरे, आपण घरची माणसं’ असं हसत म्हटलं. संहितेतलं मामाचं वाक्यही जवळजवळ तेच होतं. कुणी काही बोललं नाही, पण तो कागद तेव्हापासून खाली आला नाही.

लिहिताना

अत्याचाराचा प्रसंग दाखवू नका. सूचकही नको, सावलीतही नको, लाल दिवा आणि तबल्याचा ठेकाही नको. प्रेक्षकात ज्याच्यावर ते गुदरलंय तो माणूस त्या क्षणी नाटक बघत नसतो, तो तिथे परत गेलेला असतो. बाकीच्यांना चार आसवं येतात आणि शिकायला काही मिळत नाही. प्रसंग हवा तो सांगण्याचा : मूल बोलायला बघतंय आणि समोरचं माणूस कुकरची शिट्टी मोजतंय.

दुसरं, गुन्हेगाराला मिशा आणि लाल डोळे देऊ नका. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच निघतो. आमच्या नाटकातला मामा विनोदी आहे, सगळ्यांसाठी छप्पन दुकानवरून खायला आणतो, आजीच्या औषधांची आठवण ठेवतो. तो प्रेक्षकांना आवडायला हवा. नाही आवडला तर आई विश्वास का ठेवत नाही हे कुणाला पटणार नाही आणि घरातल्या खऱ्या मामाकडे कुणी पाहणार नाही.

मुलगे विसरू नका. महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या, 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि सांगणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून किंचित जास्तच होतं. मध्य प्रदेश त्या 13 राज्यांत होता. तरी अजून ‘मुलीच्या आईसाठी कार्यक्रम’ अशीच चिठ्ठी येते. आम्ही एक प्रवेश मुलग्यावरच ठेवलाय. ट्यूशनवरून येतो, जेवत नाही, वडील म्हणतात, ‘‘मर्द आहेस ना?’’ आणि तिथेच थांबतो.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावर भागवू नका. स्पर्श गुदगुल्यांचा असू शकतो, त्याबरोबर चॉकलेट असू शकतं, शरीराला तो वाईट वाटेलच असंही नाही, आणि मग मूल स्वतःलाच दोषी धरतं. मुलांना जास्त पटकन कळतो तो गुपित आणि गंमत यातला फरक. आईच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, ती उद्या सगळ्यांना कळणार. ‘हे कुणालाच कधीच सांगायचं नाही’ हे गुपित, आणि असलं गुपित ठेवायला सांगणारा मोठा माणूस कोणीही असो, ते मोडायचं.

आता भाषा. आपल्या इंदूरकडच्या मराठी मुलांची अडचण पुण्याच्या मुलांपेक्षा वेगळी आहे. घरात मराठी, ओटल्यावर आणि शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. शरीराच्या खासगी भागांसाठी मुलाजवळ घरचा ‘शू ची जागा’ हा बाळबोध शब्द असतो आणि मोहल्ल्यातली शिवी असते, मधला शब्दच नसतो. शिवी आईसमोर काढता येत नाही, म्हणून मूल गप्प. आम्ही मुलांच्या प्रयोगात शिश्न, योनी, कुल्ले, छाती हे शब्द नाक-कान म्हणतो त्याच आवाजात म्हणतो आणि त्यांचं हिंदीही लगेच सांगतो. पहिल्यांदा खसखस पिकते. चौथ्यांदा पिकत नाही. आईला मात्र आधी कल्पना द्या, नाहीतर चौथ्या वेळेपर्यंत कार्यक्रमच बंद पडतो. ‘इज्जत गेली’, ‘तोंड काळं झालं’, ‘जिंदगी बरबाद’ ही वाक्यं कुठल्याच पात्राच्या तोंडी उत्तराशिवाय सोडू नका.

लोककलेचा बाज घ्यायचा मोह होतो, घ्यावाही. भारुडात एकच माणूस चार सोंगं घेतो आणि प्रेक्षकांशी थेट बोलतो. फोरमला ते सोयीचं पडतं. गण-गवळण मात्र विचार करून. गवळणींची वाट अडवायची आणि त्यावर हशा घ्यायचा, हाच त्या भागाचा जीव. तो सरळ उचललात तर छेडछाडीवरच्या नाटकाची सुरुवात छेडछाडीच्या गमतीने होईल. एका ग्रुपने तिथेच थांबून गवळणीच्या तोंडून पेंद्याला ‘वाट सोड, मग बोल’ असं म्हणवलं होतं, ते मस्त जमलं होतं.

तालीम

मुलाचं काम मुलाला देऊ नका, मोठ्या नटाने करावं. मामाचं काम करणाऱ्याला दर वेळी वेगळं सांभाळा. प्रयोग संपला की आमच्याकडे ठरलेली रीत आहे : प्रत्येक जण पात्राची एक वस्तू, त्याची टोपी, तिची ओढणी, मध्ये ठेवतो, स्वतःचं नाव मोठ्याने घेतो आणि आज रात्री घरी काय जेवणार ते सांगतो. हास्यास्पद वाटेल. पण ‘मी अमुक, आज भरीत-भाकरी’ म्हटल्यावर खांदे उतरताना मी पाहिलेत. ही रीत गाळून घाईत बाहेर पडलेला नट पुढच्या तालमीला आलाच नाही, तेव्हापासून गाळत नाही.

कलाकारांपैकी कुणाला स्वतःचं काही आठवलं तर काम बदलून द्या, चौकशी नको.

प्रयोग

मुलं आणि मोठे एकत्र बसवू नका. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच शेजारी बसलेला असू शकतो. मोठ्यांसाठी हळदीकुंकवाची दुपार उत्तम. गणपतीत करायचं असेल तर सुरुवातीचे दिवस धरा, अनंत चतुर्दशीजवळ झाँकीची, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांची, गडबड सुरू झाली की कुणाचंच लक्ष नसतं. आणि शेजारच्या मांडवाचा डीजे कधी असतो ते आधी विचारून घ्या.

सूत्रधाराने सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगाव्यात : विषय काय आहे; कधीही उठून बाहेर जाता येईल, कुणी विचारणार नाही; आणि फोनने चित्रण करायचं नाही. दरवाजा उघडा ठेवा आणि दाराजवळ पाण्याच्या माठाशी ग्रुपमधलं एक माणूस उभं ठेवा. बाहेर पडणारा माणूस पाण्यासाठी उठल्यासारखा दिसतो, त्याची शोभा होत नाही.

नाटक बारा ते पंधरा मिनिटं, चर्चा आणि जागा बदलणं किमान अर्धा तास. उलटं प्रमाण म्हणजे नुसतं नाटक झालं.

जागा घ्यायची ती ऐकणाऱ्याची : आई, बाबा, आजी, शिक्षक, शेजारीण. मुलाची कधीच नाही. ‘मुलाने काय करायला हवं होतं’ असं विचारलं की ‘ओरडायला हवं होतं’ हे पहिलं उत्तर येतं आणि प्रेक्षकात जो कुणी ओरडू शकला नव्हता तो आणखी खाली बघतो. भीतीने शरीर थिजतं, आवाज फुटत नाही, हे सूत्रधाराने त्याच वेळी स्पष्ट सांगावं. मामाचीही जागा कुणाला देऊ नये. लोकांना त्याला बदडायचं असतं, पण मामाला बदडून मूल ऐकलं जात नाही.

कधी कुणी उभं राहून स्वतःचं सांगायला लागतं. इथे सूत्रधाराची परीक्षा. अडवायचं, पण झिडकारायचं नाही. आमचं वाक्य ठरलेलं आहे : ‘‘तुम्ही बोलताय ते फार महत्त्वाचं आहे आणि ते मला नीट ऐकायचंय. इथे नको, या ताई तुमच्यासोबत आत्ताच बसतील.’’ आणि समुपदेशक लगेच उठते. तालमीत हे वाक्य वीस-वीस वेळा म्हणून घ्या, कारण खऱ्या वेळी ते आठवत नाही.

नंबर वाटायची आमची पहिली तऱ्हा चुकली होती. मोठ्या अक्षरांत ‘लैंगिक अत्याचार हेल्पलाइन’ असं छापलेलं कार्ड घरी न्यायचं कुणी, आणि घरातच तो माणूस असला तर? आता आम्ही फ्रिजवर चिकटवायचा साधा तक्ता देतो : रुग्णवाहिका 108, अग्निशमन 101, मुलांसाठी 1098, महिला 181, मन 14416. संक्रांतीला तेच आमचं वाण. फ्रिजवर असतं, कुणी विचारत नाही.

नंतर कुणी बोललं तर

मूल बहुधा प्रयोगात बोलत नाही. सतरंज्या गुंडाळताना, चपला शोधताना, तुमच्या हातातली टोपी कुरवाळत बोलतं. तेव्हा शांत राहायचं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ एवढं पुरे. खोदून विचारू नका, तपास करणं पोलिसांचं काम. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण पाळता येणार नाही. म्हणा, ‘‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.’’ मुलाचे शब्द जसेच्या तसे, हिंदी तर हिंदी, लगेच लिहून ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तुम्ही जाब विचारायला जाऊ नका.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, सरळ रुग्णालय. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. उपचार मोफत आणि तातडीने देणं सरकारी-खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आई-बाबा ठाण्याला घाबरतात, तेव्हा त्यांना सांगा : मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, पोलीस गणवेशात नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी, विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. एवढं कळल्यावर निम्मी भीती जाते.

ओळख उघड करणं गुन्हा आहे, पॉक्सोच्या कलम 23नेही आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 72नेही. ‘आमच्या प्रयोगामुळे एक मुलगी बोलली’ अशी पोस्ट, शाळेच्या नावासकट, ही त्यातच मोडते.

मोठ्या बाईने किंवा पुरुषाने स्वतःचं जुनं सांगितलं तर पुढचं पाऊल त्यांचं ते ठरवतील. फक्त एक विचारा : तो माणूस आजही मुलांमध्ये वावरतो का?

बंद दाराआडचं वर्तुळ

सावरण्याच्या कामाबद्दल थोडंच लिहिते, कारण हे लेख वाचून करायचं काम नाही, समुपदेशकाच्या हाताखाली शिकायचं आहे. आमचं वर्तुळ आठ जणींचं, आठवड्यातून एकदा, तीन महिने, जागा तीच, वेळ तीच. प्रत्येकीशी समुपदेशक आधी एकटीने बोलते. झोप उडालेली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी वैयक्तिक उपचार, वर्तुळ नंतर.

पहिल्या चार बैठकांत घटनेबद्दल एक शब्द नाही. चालणं, थांबणं, हात पुढे करून ‘इथपर्यंतच’ म्हणणं, मोठ्याने हसणं. अत्याचारात शरीर आपलं राहत नाही, ते आधी परत घ्यायचं असतं. नंतर प्लेबॅक थिएटरच्या रीतीने छोट्या गोष्टी. ही रीत 1975 साली अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सॅलस यांनी सुरू केली : एक जण सांगते, बाकीच्या लगेच खेळून दाखवतात. आम्ही गोष्ट मागतो ती ‘ज्या दिवशी मला कुणीतरी ऐकलं’ याची. एकीने सांगितलेली गोष्ट सराफ्यातल्या एका अनोळखी बाईची होती. गर्दीत तिला पाहून ती बाई काही न विचारता शेजारी येऊन उभी राहिली होती, बस. बाकीच्यांनी ती खेळताना काहीच केलं नाही, नुसत्या तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटं. मग तिनेच म्हटलं, ‘‘चला, चहा घेऊ.’’

यातून कधी लोकांसमोरचा प्रयोग होतो, कधी होत नाही. झाला तर गोष्टी एकमेकींत मिसळा, नावगाव बदला, ज्याची गोष्ट त्याने ती भूमिका करायची नाही, आणि पडदा उघडेपर्यंत कुणालाही माघार घेता येईल. एकदा पहिल्या घंटेनंतर एकीने नको म्हटलं. तिचा भाग गाळून प्रयोग केला, सात मिनिटांनी लहान झाला. प्रेक्षकांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आठ दिवसांनी

त्याच जागी परत जा, नाटक न घेता. तासभर बसा. खर्चात हा दिवस आधीच धरा, रिक्षाचे पैसे आणि समुपदेशकाचं मानधन दोन्ही, नाहीतर तो होतच नाही. बहुतेक वेळा पोहे येतात, वरून जिरावण मसाला घातलेले, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि वाटतं उगाच आलो. सुदामा नगरात असंच झालं. निघताना पहिली जागा घेणारी, ती प्रश्नांची सरबत्ती लावणारी, जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, ‘‘माझ्या मुलाला मी परवा काही विचारलं नाही. तो नुसता बसला होता, मीही बसले. पुढे काय करायचं असतं?’’ समुपदेशक तिच्याबरोबर परत वर गेली. आम्ही खाली रिक्षा थांबवून ठेवली.